हुकमाची दुर्री

दिवाळीत फराळाची ताटे उचलली गेली की, आमच्या डोंबिवलीच्या घरात सतरंजी पसरली जाते आणि पत्त्यांचा जोड बाहेर निघतो. खेळ ठरलेला, मेंढीकोट! चार भिडू, जोडीदार समोरासमोर, प्रत्येकाला तेरा पाने, आणि चारही दश्श्या पळवून कोट चढवण्याची ईर्ष्या. दश्शी बिचारी दुबळी. एक्का, राजा, राणी, गुलाम असे चौघेही तिला भारी. तिला तारायचे किंवा पळवायचे ते हुकमाच्या बळावर.

हा हुकूम मूळचा आपल्याकडचा नव्हे. सावंतवाडीच्या गोल, रंगीत गंजिफांत तो नाही. दशावतारी जोडात दहा रंग आणि 120 पाने. पण एका रंगाने दुसऱ्याला कापायचे नाही. ही युक्ती पंधराव्या शतकात युरोपात निघाली. इंग्रजांनी त्या पानाला विजयावरून नाव दिले, आपण म्हटले 'हुकूम'. घरात चार माणसांवर तो गाजवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हा शब्द फार आवडे.

खेळ मात्र मी शिकलो आगगाडीत. वीसेक वर्षांपूर्वी ठाण्याच्या महाविद्यालयात लागलो, तेव्हा कल्याणहून येणाऱ्या जलद गाडीत चौघांच्या गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरून डाव रंगे. आम्ही कट हुकूम खेळत असू. आरंभी हुकूम कोणताच नाही; उतारीचा रंग ज्याच्यापाशी नसेल, तो टाकील त्या पानाचा रंग हुकूम. एकदा हातातला शेवटचा हुकूम मी रिकाम्या हातावर मोठ्या दिमाखात आपटला. गाडी 1916 सालच्या पारसिक बोगद्यात शिरली, विरुद्ध भिडूने चौथी दश्शी खेळली आणि मी नुसता बघत राहिलो. कोट! माझे वडीलधारे जोडीदार शांतपणे म्हणाले, "मास्तर, रंगाची पाने तेराच. दिसला हात की कापायचा नसतो."

पत्त्यांत हे मी शिकलो, वाचकहो, घरात नाही. मुलाचे केस, त्याचे उशिरा उठणे, त्याचा मोबाइल, प्रत्येक गोष्टीवर माझे एकच पान: "हे चालणार नाही." यंदा जून महिन्यात त्याने सांगितले, "मी शेवटच्या वर्षाला बसणार नाही." मी गरजलो, "हे चालणार नाही!" तो शांतपणे म्हणाला, "बाबा, हे तुम्ही केसांबद्दलही म्हणाला होता."

माझ्या हातात हुकूम उरला नव्हता.

परवा नरक चतुर्दशीच्या रात्री तो माझा जोडीदार होता. इस्पिक हुकूम झाले होते. बदामाचा एक हात आला, त्यात दश्शी नव्हती. त्याच्याकडे बदाम नव्हते, तरी त्याने किल्वरची पंजी टाकून तो हात जाऊ दिला. मी चडफडलो. दोन हातांनंतर मेहुण्यांनी बदामाचा एक्का उतरला आणि बायकोने त्यावर खुशाल दश्शी चढवली. मुलाने हळूच इस्पिकची दुर्री ठेवली. एक्क्यासकट दश्शी आमची!

"केव्हापासून राखली होतीस रे?" मी विचारले.

"दश्शी येईपर्यंत थांबलो," तो म्हणाला.

परीक्षेचा अर्ज भरायला अजून आठ दिवस आहेत. त्या रात्री ओठांवर आलेले वाक्य मी गिळले आणि पाने पिसायला घेतली.