खण्डस्फुटित : शाळागृहांची दुरुस्ती व तिच्या द्रव्याची व्यवस्था

ताम्रपट वाचणाऱ्यांस 'खण्डस्फुटित' हा शब्द अपरिचित नाहीं. वास्तूचा जो भाग तुटला अथवा फुटला असेल त्याचा पुनः संस्कार व्हावा, म्हणून दात्यानें गांवाचें किंवा शेताचें उत्पन्न लावून दिल्याचे उल्लेख पुष्कळ दानपत्रांत आढळतात. वलभीच्या मैत्रक राजांनीं सहाव्या व सातव्या शतकांत बौद्ध विहारांस जीं दानें दिलीं, त्यांत भिक्षूंच्या अन्नवस्त्राबरोबर विहाराच्या दुरुस्तीचीही तरतूद केलेली आहे. विष्णुस्मृतीच्या ९१ व्या अध्यायांत तर विहीर, बाग, तळें व देवालय यांचा जीर्णोद्धार करणाऱ्यास मूळ कर्त्याचेंच फळ सांगितलें आहे. हा जुना विषय येथें काढण्याचें कारण, आपल्या खेड्यांतील जुनीं शाळागृहें होत.

या दानपत्रांतील व्यवस्थेचीं दोन अंगें लक्षांत घेण्याजोगीं आहेत. पहिलें, उत्पन्न एकदांच न देतां कायमचें लावून दिलेलें असे. दुसरें, दुरुस्ती हा त्याचा हेतु नांवानिशीं लिहिलेला असे. वास्तु बांधणारा पुरुष जातो, पाऊस मात्र दरवर्षीं येतो, हें त्या लेखकांस पक्कें ठाऊक होतें.

अर्वाचीन काळांत यांपैकीं पहिलें अंग मुंबई इलाख्यांत पुनः दिसूं लागलें. १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड घेण्याची पद्धति सुरू झाली. त्याचे दोन हिस्से रस्त्यांकडे व एक हिस्सा शिक्षणाकडे जाई. पुढें १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत येऊन त्यांकडे गेला. धनी बदलत गेले. कौलें तींच राहिलीं.

आतां सरकारी अनुदानाकडे वळूं. २००१ पासूनच्या सर्व शिक्षा अभियानांत देखभाल-दुरुस्तीसाठीं निराळें अनुदान होतें : तीन वर्गखोल्यांपर्यंतच्या शाळेस वर्षास ५,००० रुपयांपर्यंत व त्याहून अधिक खोल्या असल्यास १०,००० रुपयांपर्यंत. रक्कम लहान खरी, परंतु तिचें माप इमारतीवरून घेतलेलें होतें. २०१८ मध्यें समग्र शिक्षा योजना आली व शाळेस एकत्रित अनुदान मिळूं लागलें. त्याचें माप पटसंख्या हें होय. आरंभींच्या दरानें शंभरापर्यंत पट असलेल्या शाळेस २५,००० व हजारांवर पट असलेल्या शाळेस १,००,००० रुपये ठरले; त्यांतूनच वीज, पाणी, साहित्य, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती भागवावयाची. मोठ्या दुरुस्तीची मागणी वार्षिक आराखड्यांतून निराळी करावी लागते.

येथेंच मर्म आहे. पाऊस पट पाहून पडत नाहीं. ज्या गांवांतून माणसें शहरांकडे गेलीं, तेथील शाळेचा पट उतरतो. छप्पर मात्र पूर्वींइतकेंच मोठें राहतें, आणि दिवसेंदिवस जुनें होतें. अशा रीतीनें जीर्ण वास्तूच्या वांट्यास सर्वांत थोडें द्रव्य येतें. कौल सरकलें कीं पाणी प्रथम वाशांत शिरतें, मग भिंतीच्या माथ्यांत. मातीचें बांधकाम आंतून धुपतें व एका पावसाळ्याचें काम पांच पावसाळ्यांनीं भिंतीवर येतें. मग इमारत धोकादायक ठरते आणि तिचें निर्लेखन होतें. प्रत्येक शाळेस आतां सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हवी, असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें परिशिष्ट सांगतें. परंतु टिकणें हा इमारतीचा एकदांचा गुण नसून दरवर्षींचें काम आहे.

मुलांच्या जीविताचा प्रश्न अर्थातच पहिला. परंतु आपणां कागदपत्रांच्या अभ्यासकांचेंही येथें कांहीं जातें. याच खोल्यांतील कपाटांत जनरल रजिस्टरें व शेरेबुकें असतात. कांहीं जुन्या नोंदी मोडींत आहेत. २०२३ मध्यें कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां शाळांचीं जुनीं रजिस्टरें किती मोलाचीं आहेत हें सर्वांस कळलें. प्रस्तुत लेखकानें आपल्या नोकरीच्या काळांत एका शाळेंत एक रजिस्टर उघडलें, तों पानें एकमेकांस चिकटून त्यांची वीट झालेली. वर पाहिलें, तर फुटकें कौल एकच होतें.

तात्पर्य, दोन गोष्टी व्हाव्यात. दुरुस्तीचें अनुदान पटावरून न ठरवितां छपराचें क्षेत्र व इमारतीचें वय यांवरून ठरावें, आणि तें दरवर्षीं, पावसाळ्यापूर्वीं, त्याच नांवानें हातीं पडावें. दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे : प्रत्येक अभ्यासकानें आपल्या गांवच्या शाळेंत जाऊन, मुख्याध्यापकांच्या अनुमतीनें, जुन्या दप्तराची यादी करावी व तें कोरड्या जागीं हलविण्यास हातभार लावावा. मूळ कर्त्याचें फळ दुरुस्ती करणाऱ्यास मिळतें हें स्मृतिवचन खरें असेल, तर तें पुण्य अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.