दोन वेढ्यांचं गणित

प्रवरेकाठी बेलापूरच्या बाजूला विहिरीत मोटर सोडायची असली, की दोराचे दोन वेढे जवळच्या झाडाच्या बुंध्याला मारावेत. मग शंभर किलोचं धूडही एकटा गडी दोर ढिला देत आरामात उतरवतो. याच प्रवरेच्या उगमाकडे, रतनगडाजवळच्या सांदण दरीत, रॅपलिंगवाले कमरेला अडकवलेल्या डिसेंडरमधून, म्हणजे दोराला घर्षणाने अडवणाऱ्या धातूच्या साधनातून, दोर सोडत उतरतात, तेही याच तत्त्वावर. फरक एवढाच, की तिथे बुंधा माणसाबरोबर खाली येतो!

अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने या वेढ्यांचं गणित मांडलं. वेढा वाढला की हातावरचा भार वजाबाकीने नव्हे, भागाकाराने घटतो. घर्षणांक ०.३ धरला, तर एका वेढ्यात तो साधारण साडेसहा पटींनी कमी होतो, दोन वेढ्यांत ४३ पटींनी. म्हणजे १०० किलोसाठी हाताला जेमतेम २.३ किलो.

म्हणून तर डिसेंडर घरी करण्याचा मोह होतो. अमेरिकी गुहाशोधक जॉन कोल यांनी १९६६ मध्ये आणलेला ‘रॅक’ म्हणजे एक वाकवलेली सळई आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या, बस्स. खरी हुशारी पट्ट्या कमी-जास्त करण्यात आहे. १०० मीटर दोर ७ किलोच्या आसपास भरतो. वर असताना खाली लोंबणारा दोरच ब्रेक लावतो, माणूस सरकता सरकत नाही. तळ जवळ येतो तसं ते वजन संपतं आणि वेग वाढतो. म्हणून वर कमी पट्ट्या, खाली येताना जास्त.

पण वेढ्यांचं हे गणित उलटंही फिरतं. दोर चिखलाने बुळबुळीत होऊन घर्षण निम्मं झालं, तर दोन वेढे एकाएवढेच धरतात. हातावर २.३ ऐवजी १५ किलो!

शिवाय उष्णता. ७० किलोचा माणूस १०० मीटर उतरला, की सुमारे ६८,६०० जूल उष्णता तयार होते. पेलाभर पाणी उकळेल एवढी. सावकाश उतरलं तर ती दोरात, हवेत जिरते. घाई केली तर ॲल्युमिनियमचा तुकडा तापतो, आणि मध्येच थांबलात तर तो दोराच्या एकाच जागी टेकून राहतो. नायलॉन-६ साधारण २२० अंशांना वितळतो.

आणि घरी केलेल्या डिसेंडरच्या वेल्डिंगचं तर विचारूच नका. गिर्यारोहणाच्या कॅरॅबिनरला युरोपीय मानकानुसार लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांच्या वजनाएवढी ओढ सोसावी लागते. गावातल्या दुकानात सांधलेल्या पट्टीच्या पोटातली चीर डोळ्यांना दिसत नाही. हौस असेल तर त्या पट्टीला आधी सिमेंटच्या गोण्या लटकवाव्यात, माणूस नको.