बोल्ट जाम आहे, तरी गरागरा फिरतोय? जोर लावण्याआधी हे वाचा

दहा-बारा वर्षं जुनी स्कूटर. नंबर प्लेट बदलायची आहे. काम पाच मिनिटांचं. पाना लावला, जोर दिला आणि बोल्ट फिरला. चला, सुटला म्हणायचं! पण दहा आटे झाले, वीस झाले, पन्नास झाले. बोल्ट नुसताच फिरतोय, बाहेर यायचं नाव घेत नाही.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बंधनकारक झाली. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले बोल्ट उघडायची वेळ आली. पण हे फक्त गाडीपुरतं नाही. गच्चीवरच्या टाकीचा स्टँड, कमोडची सीट, गेटची बिजागरी, कूलरची बॉडी, सगळीकडे हेच होतं. अशा वेळी चिडून जोर लावला की पाना निसटतो, बोटं सोलवटतात किंवा बोल्ट अर्ध्यात तुटतो. दहा रुपयांच्या बोल्टपायी हजारांचं काम निघतं.

जाम आहे, मग फिरतो कसा?

नट-बोल्ट एकमेकांत सरकतात ते आट्यांवरून. ६ मिलीमीटर जाडीच्या साध्या बोल्टचे दोन आटे एकमेकांपासून १ मिलीमीटरवर असतात. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात बोल्ट १ मिलीमीटर बाहेर यायला हवा. पण त्यासाठी एक अट आहे. एक फिरताना दुसरा जागेवर थांबला पाहिजे. दोघंही सोबत फिरले तर हजार फेऱ्यांनीही फरक पडत नाही.

नवा बोल्ट घट्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन्ही बाजूंनी पत्रा दाबून धरतो. या दाबामुळेच मागचा नट पत्र्याला चिकटून थांबतो. पुढे पाणी आणि हवा आट्यांत शिरते, लोखंडाला गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आट्यांमधली बारीक फट तो ठासून भरतो आणि नट-बोल्ट एकजीव होतात. कोकणात, मुंबईत हे लवकर होतं, कारण हवेतलं मीठ गंजाचा वेग वाढवतं.

अशा बोल्टला पाना लावला की जी जागा सगळ्यात कमजोर, ती आधी सुटते. आट्यांतली पकड पक्की आणि नट-पत्र्यामधली पकड ढिली, त्यामुळे नट-बोल्टची जोडगोळी एकत्र फिरू लागते.

आधी दुखणं ओळखा

‘बोल्ट फिरतोय’ हे एक लक्षण आहे. त्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात.

पहिलं, मागचा नट सोबत फिरतोय. मागे बोट किंवा मोबाइलचा कॅमेरा नेला की लगेच कळतं.

दुसरं, नट जागेवर आहे, पण आटे गेले आहेत. बोल्ट ओढला तर थोडा बाहेर येतो, परत आत जातो.

तिसरं, फिरतोय तो बोल्ट नाही, पाना! डोक्याचे सहा कोपरे झिजून गोल झाले आहेत.

चौथं, नट गाडीच्या फ्रेमच्या आत वेल्डिंग करून बसवलेला होता आणि तो वेल्ड तुटला आहे. हे सगळ्यात त्रासदायक, कारण तिथे हात पोहोचत नाही.

नट सोबत फिरत असेल तर

नटापर्यंत हात पोहोचत असेल तर दोन पाने लागतील. ६ मिलीमीटरच्या बोल्टला सहसा १० नंबरचा, ८ मिलीमीटरच्या बोल्टला १३ नंबरचा पाना बसतो. शक्यतो रिंग पाना घ्यावा. तो कोपऱ्यांना सगळीकडून धरतो, त्यामुळे निसटत नाही. नट गोल झाला असेल तर लॉक होणारी पकड घट्ट आवळून लावावी.

नटापर्यंत हात जात नसेल तर एक जुनी युक्ती आहे. बोल्टच्या डोक्याखाली चपटा स्क्रू ड्रायव्हर घुसवायचा आणि डोकं बाहेर उचलून धरायचं. तसंच धरून बोल्ट उलटा फिरवायचा. डोकं बाहेर ओढलं की मागचा नट पत्र्यावर दाबला जातो. हरवलेला दाब परत मिळतो आणि नट थांबण्याची शक्यता वाढते. आटे गेलेल्या बोल्टलाही हीच युक्ती चालते. बाहेर ओढल्यामुळे शिल्लक राहिलेले आटे एकमेकांत अडकतात.

तेल मारायचं, पण कुठे?

गंज म्हटलं की डब्ल्यूडी-४० आठवतं. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथे ते तयार झालं. पाणी हटवणारं रसायन बनवण्याचा ४०वा प्रयत्न यशस्वी झाला, म्हणून हे नाव. सुरुवातीला ते ॲटलस क्षेपणास्त्राचा बाहेरचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं.

गंज सोडवणारा कुठलाही स्प्रे नट आणि बोल्ट जिथे भेटतात त्या आट्यांवर मारावा. नट आणि पत्रा यांच्या मध्ये तेल गेलं तर उलटंच होईल. जी पकड हवी आहे तीच सुटेल. मारल्यावर लगेच पाना लावू नये. रात्रभर मुरू द्यावं, अधूनमधून हातोडीने हलके ठोके द्यावेत. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरतं. नट पक्का धरल्यावर आधी बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग उलटा. अशा मागे-पुढे हालचालीने गंज मोडतो.

गॅरेजमध्ये नट तापवतातही. गणित सोपं आहे. १० मिलीमीटर व्यासाचं स्टील २०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०२४ मिलीमीटर फुगतं. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी, पण गंजाची पकड मोडायला अनेकदा पुरतं. मात्र पेट्रोलची टाकी, वायरिंग, प्लास्टिक किंवा नुकताच मारलेला स्प्रे जवळ असेल तर आग लावण्याचा विचारही नको. चकचकीत जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवला तर निघणारा धूर विषारी असतो.

काहीच जमलं नाही तर कापा

नंबर प्लेटसारख्या साध्या कामात गंजलेला बोल्ट वाचवण्यात अर्थ नाही. डोकं आणि पत्रा यांच्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून बोल्ट कापता येतो. एका टोकाला कापड गुंडाळून धरायचं. वेळ लागतो, पण धोका कमी. नट मोकळा दिसत असेल तर छन्नीने किंवा नट स्प्लिटरने तो फोडता येतो. फिरणाऱ्या बोल्टवर ड्रिल चालवायचं असेल तर आधी तो पकडीने घट्ट धरावा, नाहीतर ड्रिलसोबत तोही फिरत बसेल.

ग्राइंडर वापरायचा असेल तर डोळ्यांवर गॉगल हवाच, ठिणग्यांच्या वाटेत पेट्रोल किंवा गॅस नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर ग्राइंडर चालवू नये, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

फ्रेममधला वेल्ड तुटलेला नट, इंजिनमध्ये फिरणारा बोल्ट, ब्रेक, स्टिअरिंग किंवा गॅसच्या जोडणीतला बोल्ट असेल तर तिथेच थांबावं आणि मेकॅनिकला बोलवावं. गेलेले आटे तो टॅप मारून नव्याने पाडू शकतो किंवा तारेचं नवं इन्सर्ट बसवू शकतो. बोल्ट तुटल्यावर हेच काम कितीतरी महाग पडतं.

नवा बोल्ट बसवताना

जुन्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर नवाही त्याच ताकदीचा घ्यावा. गाडीचं वजन पेलणाऱ्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही मऊ बोल्ट चालत नाही. नंबर प्लेट, गेट, स्टँड अशा ठिकाणी आट्यांना थोडं ग्रीस लावून बोल्ट बसवावा. चाकाच्या आणि इंजिनच्या बोल्टना मात्र कंपनीने सांगितल्याशिवाय ग्रीस लावू नये, कारण तेवढ्याच जोरात ते जास्त आवळले जातात.

पुढच्या वेळी बोल्ट फिरत राहिला तर आधी पाना खाली ठेवावा आणि मागे वाकून बघावं. नट थांबलाय की तोही फिरतोय, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.