धुळीआडची जोडी

१९९२ साली ग्रॅनाट या रशियन उपग्रहाला गरुड तारकासमूहात क्ष-किरणांचा एक नवा स्रोत सापडला. नाव पडलं ‘जीआरएस १९१५+१०५’. बारसं खगोलशास्त्रज्ञांनी केलं की असंच व्हायचं! जागा कळली, पण साध्या प्रकाशात तिथे काहीच दिसेना. सुमारे २८ हजार प्रकाशवर्षांच्या वाटेवर आकाशगंगेची दाट धूळ पसरलेली. दृश्य प्रकाश तिच्यातच जिरतो. अवरक्त किरणांची तरंगलांबी जास्त, म्हणून ते बऱ्यापैकी निसटतात.

चिलीतल्या ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने तेच टिपले. वर्णपटात कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा होत्या, म्हणजे तिथे एक थंड, फुगलेला तारा होता. त्या रेषा मागेपुढे सरकत होत्या: तारा सुमारे ३३.५ दिवसांत एका अदृश्य जोडीदाराला फेरी घालत होता. २००१ साली हिशेब प्रसिद्ध झाला. जोडीदाराचं वस्तुमान सूर्याच्या १४ पट, अर्थात कृष्णविवर. (पुढे हा आकडा १२च्या आसपास आला.)

खरी गंमत त्याआधीच, १९९७ साली, पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीतून दिसली होती. क्ष-किरण एकाएकी घसरत, मग सावरत आणि काही मिनिटांत अवरक्त प्रकाश उसळे. रेडिओ लहरींचा भर त्याहून उशिरा. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीचा आतला भाग रिता होत होता आणि त्याच सुमारास झोत बाहेर फेकला जात होता.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या, ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या उपग्रहावरच्या उपकरणानेही या जोडीचे क्ष-किरण मोजले आहेत. २०१८पासून मात्र ते बरेच मंदावले. रेडिओ उसळ्या चालूच आहेत.