चोवीस तासांची रुग्णसेवा : परिचर्या विभागाची रचना

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची आणि डॉक्टरांची गाठ दिवसातून एकदोन वेळा, तीही काही मिनिटांपुरती पडते. उरलेला सर्व काळ रुग्ण परिचारिकांच्या स्वाधीन असतो. असे असूनही खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकास गणवेशातील कोणती व्यक्ती कोणत्या पदावर आहे, कोणास काय विचारावे, याची कल्पना सहसा नसते. त्याच्या लेखी सर्वच 'सिस्टर' असतात. वास्तविक हा शब्द रुग्णसेवा करणाऱ्या ख्रिस्ती धर्मभगिनींपासून आला, आणि इंग्रजी अमदानीतील रुग्णालयांत तो केवळ कक्षप्रमुख परिचारिकेस लावला जात असे.

आजच्या रचनेचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५४ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. परिचारिकांची नेमणूक, शिस्त आणि शिक्षण यांची सूत्रे प्रशिक्षित परिचारिकाप्रमुखाच्या, म्हणजे मेट्रनच्या हाती असावीत, हा या पद्धतीचा गाभा होता. भारतात १९४७ च्या कायद्यान्वये भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली व शिक्षणाची समान पातळी ठरली. त्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे.

पदांची नावे राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत मेट्रनला 'अधिसेविका', कक्षप्रमुख सिस्टरला 'परिसेविका' आणि स्टाफ नर्सला 'अधिपरिचारिका' म्हणतात. केंद्र शासनाच्या सेवेत स्टाफ नर्सचे पदनाम 'नर्सिंग ऑफिसर' झाले आहे. सिंधुदुर्गातून किंवा कारवारहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाचा या निरनिराळ्या नावांमुळे गोंधळ होणे साहजिक आहे. उतरंड मात्र सर्वत्र जवळपास सारखीच असते. अधिसेविका संपूर्ण रुग्णालयातील परिचर्येस जबाबदार असते. तिच्या साहाय्यक अधिसेविका ठरावीक विभागांवर देखरेख ठेवतात, आणि रात्री त्यांपैकी एकीकडे किंवा एखाद्या ज्येष्ठ परिचारिकेकडे सर्व कक्षांची फेरी सोपविलेली असते. मोठ्या रुग्णालयांत जंतुसंसर्ग प्रतिबंधासाठी स्वतंत्र परिचारिका असते, तर विद्यार्थिनींच्या शिक्षणाचे काम पाठ्यनिर्देशिका पाहतात.

या साऱ्या यंत्रणेची खरी मदार परिसेविकेवर आहे. कोणत्या परिचारिकेने कोणत्या पाळीत यावे, कोणास साप्ताहिक सुटी द्यावी, याचे कर्तव्यपत्रक ती तयार करते. औषधे, सलाईन, चादरी, प्राणवायूची उपकरणे यांची मागणी तिच्या सहीने जाते. आणीबाणीच्या ट्रॉलीवरील प्रत्येक वस्तू जागेवर व चालू स्थितीत आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही तिचीच. गुंगीच्या औषधांचे कपाट कुलपात असते. पाळी बदलताना जाणारी व येणारी परिचारिका मिळून ती औषधे मोजतात, नोंदवहीत सह्या करतात आणि मगच किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाते. डॉक्टरांच्या फेरीत परिसेविका सोबत असते. कोणत्या रुग्णाचा आहार बदलला, कोणाची तपासणी राहिली, कोणास घरी सोडावयाचे, हे तिला तेथेच कळते आणि तिच्यामार्फत कक्षात अमलात येते. कक्षातील सेवक, आया आणि सफाई कामगार यांच्या दैनंदिन कामावरही तिचेच लक्ष असते. कागदोपत्री हे एक मधले पद दिसते. परंतु अनुभवी परिसेविका दीर्घ रजेवर गेली की कक्षाची घडी किती लवकर विस्कटते, हे रुग्णालयात काम केलेल्या कोणासही ठाऊक असते.

परिचारिका डॉक्टरांच्या हाताखाली असते, हा समज अर्धाच खरा आहे. कोणते औषध, किती व केव्हा, याबाबत डॉक्टरांची लेखी सूचना तिला बंधनकारक असते. हजेरी, रजा, बदली व शिस्त यांबाबत मात्र ती परिसेविकेमार्फत अधिसेविकेस उत्तरदायी असते. सूचना अस्पष्ट असेल, औषधाची मात्रा नेहमीपेक्षा वेगळी दिसत असेल, तर ते औषध देण्यापूर्वी विचारणे हे तिचे कर्तव्यच होय. तोंडी सूचना केवळ तातडीच्या प्रसंगी पाळावयाची असते, आणि ती नंतर लेखी करून घ्यावी लागते.

बहुतेक शासकीय रुग्णालयांत सकाळ, दुपार व रात्र अशा तीन पाळ्या असतात. त्या बदलतात तो अर्धा तास सर्वांत जोखमीचा. या वेळी दोन्ही पाळ्यांच्या परिचारिका खाटेमागून खाट फिरतात. रात्री ताप किती चढला, सलाईन किती गेले, लघवी किती झाली, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे सांगितले व लिहिले जाते. सकाळी शस्त्रक्रिया असलेल्या रुग्णास उपाशी ठेवावयाचे आहे, एवढा एक निरोप राहिला, तर घरचा माणूस प्रेमाने कपभर चहा पाजतो आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. 'सगळ्या सिस्टर एकत्र गप्पा मारीत उभ्या होत्या' अशी तक्रार अनेकदा याच अर्ध्या तासाविषयी असते. आपल्या खाटेजवळ हे बोलणे चालू असता नातेवाइकाने ते लक्षपूर्वक ऐकावे, आणि काही सुटल्यास तेथेच सांगावे.

आता संख्येचा प्रश्न. परिचर्या परिषदेच्या प्रचलित निकषांनुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात ३ रुग्णांमागे १ आणि अन्य रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी. शिवाय रजेसाठी ३० टक्के अधिक पदे असावीत. अतिदक्षता विभागात हे प्रमाण एकास एक असते. वाचणाऱ्यास वाटते की पाच खाटांजवळ एक परिचारिका सदैव उभी असेल. प्रत्यक्ष हिशेब निराळा आहे. ३० खाटांच्या कक्षास ५ मागे १ याप्रमाणे ६ व रजेची २ धरून ८ पदे मिळतात. रजेवरील दोघी वगळता सहा उरतात. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री एक आणि एक सुटीवर, अशी त्यांची वाटणी होते. म्हणजे निकष पूर्णपणे पाळला तरी दिवसा १५ रुग्णांमागे एक आणि रात्री ३० रुग्णांमागे एकच परिचारिका राहते. एखादे पद रिक्त असेल, किंवा खाटांपेक्षा रुग्ण अधिक झाले, तर काय होत असेल याची कल्पना करता येते. रात्री हाक मारूनही परिचारिका येत नाही, यामागे बहुधा दुसऱ्या टोकाच्या खाटेवरील अत्यवस्थ रुग्ण असतो. हे सांगण्याचा हेतू हलगर्जीपणावर पांघरूण घालण्याचा नाही. परंतु पदे भरण्याचा प्रश्न आणि वर्तणुकीचा प्रश्न वेगळे ओळखता आले पाहिजेत.

नातेवाइकांनी एवढे ध्यानात ठेवल्यास उपयोग होईल. औषध, सलाईन, वेदना यांविषयी पाळीवरील परिचारिकेस सांगावे. सेवकास विचारून औषध कधीही देऊ नये. चाकाची खुर्ची, स्ट्रेचर, बेडपॅन ही कामे सेवक व आया यांची असतात. आजाराचे निदान आणि पुढील उपचार यांविषयी डॉक्टरांनाच विचारावे. परिचारिका ते सांगण्याचे टाळते, तेव्हा ती मर्यादा पाळीत असते. कक्षातील गैरसोय प्रथम परिसेविकेच्या कानावर घालावी, निवारण न झाल्यास अधिसेविकेकडे, आणि त्यानंतर वैद्यकीय अधीक्षकांकडे जावे. लेखी तक्रारीत तारीख, वेळ, कक्ष व खाटेचा क्रमांक अवश्य नमूद करावा. परिचारिकेचे नाव ठाऊक नसले तरी चालते. त्या वेळी पाळीवर कोण होते, हे कर्तव्यपत्रकावरून कळते.