ध्रुवावरील सोबत्याची हकालपट्टी

१९११ च्या ऑक्टोबरात रोआल्ड आमुंडसेनने दक्षिण ध्रुवाकडे कूच केले, तेव्हा त्याच्या चार स्लेजगाड्यांना ५२ कुत्रे जुंपलेले होते. १४ डिसेंबरला ध्रुवावर नॉर्वेचे निशाण फडकले. तळावर परतले ते अवघे ११ कुत्रे. वाटेत काही कुत्रे मारून ते उरलेल्या कुत्र्यांना व माणसांना खाऊ घालावयाचे, हा हिशेब आधीच मांडलेला होता. कॅप्टन स्कॉटने अखेरच्या टप्प्यात मनुष्यबळावर भिस्त ठेवली. परतीच्या वाटेवर तो व त्याचे चारही सोबती मृत्युमुखी पडले. ध्रुवविजयाचे श्रेय माणसाच्या नावे जमा झाले. किंमत मात्र पुष्कळशी या मुक्या प्राण्यांनी मोजली.

त्यानंतर ८० वर्षांनी, १९९१ साली माद्रिद येथे झालेल्या पर्यावरण-संरक्षण कराराने याच प्राण्याला अंटार्क्टिकाची दारे बंद केली. तेथे असलेले सर्व कुत्रे १ एप्रिल १९९४ पूर्वी हलवावेत, असे त्यात स्पष्ट नमूद होते. कारणे पोकळ नव्हती. कुत्रा तेथला मूळचा रहिवासी नव्हे. त्याच्या खाद्यासाठी सीलची शिकार होई, आणि त्याचे रोग सीलमध्ये पसरण्याचे भय होते. १९८८ साली उत्तर समुद्रात डिस्टेंपरसारख्या विषाणूने हजारो सील दगावले होते, ही आठवण ताजी होती. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्या आजही धावतात; कारण तेथे कुत्रा परका नाही, इन्युइटांच्या जीवनाचा तो भाग आहे.

२२ फेब्रुवारी १९९४ रोजी ब्रिटिशांचे अखेरचे कुत्रे रोथेरा तळावरून निघाले आणि कॅनडातील इनुक्जुआक या गावी पोहोचले. बाहेरच्या जगातील रोगांशी झुंजण्याची शक्ती त्यांच्या अंगी नव्हती; बहुतेक लवकरच मरण पावले. निर्बंध योग्य होता म्हणून त्याची झळ कमी ठरत नाही.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. परका म्हणून कुत्रा गेला. त्याला तेथे नेणारा माणूस, तोही तितकाच परका, मात्र राहिला. २०२३-२४ च्या एकाच हंगामात एक लाखाहून अधिक पर्यटकांनी या प्रदेशाची वारी केली. जहाजे आणि यंत्रे तेल जाळीतच आहेत. गोव्यातील वास्को येथून आपल्या मोहिमांची सूत्रे हलविणाऱ्या भारतानेही २०२२ साली अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदा केला आहे. तेव्हा या जबाबदारीतून आपणही मुक्त नाही.

महाप्रस्थानाच्या वाटेवर सोबत आलेल्या श्वानाला सोडून युधिष्ठिराने स्वर्गही नाकारला. अंटार्क्टिकात माणसाने सोबत्याला सोडले, ते त्या भूमीच्या रक्षणासाठी. हे कारण खरे असेल, तर कुत्र्याला लावलेला नियम त्याने स्वतःच्या पावलांनाही लावला पाहिजे. नाहीतर तो त्याग केवळ दुसऱ्याच्या माथी मारलेला ठरेल.