नोंद नाही, तर चोरीही नाही : वस्तुसंग्रहालयाचा पैसा, माणसे आणि धोका



आपल्या माहुरात रेणुकामातेला, दत्तशिखराला, अनसूयामातेला येणाऱ्यांची रीघ वर्षभर असते. याच गावात राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे लहानसे वस्तुसंग्रहालयही आहे. तिकडे वळणारी पावले थोडी. आज त्या पावलांबद्दल बोलायचे नाही. असे संग्रहालय चालते कसे, त्याचा पैसा, त्याची माणसे, त्याचे धोके, हे समजून घेऊ. मघाशी एकाने विचारलेच, "सर, तत्त्वज्ञानवाल्यांचं यात काय काम?" आहे, थोडे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही मराठवाड्यातल्याच एका छोट्या संग्रहात गेलो होतो. नाव सांगत नाही. तिथला म्हातारा पहारेकरी एकेका दगडापाशी थांबून सांगे: ही मूर्ती अमक्या गावच्या बारवेतली, हा शिलालेख तमक्याच्या शेतात नांगराला लागला. आम्ही विचारले, "हे लिहून कुठं ठेवलंय?" त्याने कपाळावर बोट ठेवले. "इथं." दोन वर्षांनी पुन्हा गेलो, तर तो निवृत्त झालेला. कंत्राटावरचा नवा मुलगा म्हणाला, "जुनी मूर्ती आहे, सर." मूर्ती जागेवरच होती. फुटली नव्हती, चोरीला गेली नव्हती. तरी ती निम्मी हरवली होती.

आता इथे तत्त्वज्ञान येते. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान कोणाला होते? ज्याला घट माहीत आहे त्याला. ज्याचा अभाव, तो त्याचा 'प्रतियोगी'. तो ठाऊक नसेल तर अभावही कळत नाही. हे संग्रहालयाला लावा. वस्तूची नोंद नसेल, तर ती गेली हे कोणाला कळणार? नोंद नाही, तर चोरीही नाही! म्हणून आमचे म्हणणे एवढेच की पैसा, माणसे आणि धोका या तिन्ही वाटा शेवटी एका नोंदवहीपाशी येतात.

आधी पैसा. लोकांना वाटते, तिकिटे जास्त खपली की संग्रहालय सुधारेल. शासकीय संग्रहालयात तसे होत नाही. तिकिटाचा पैसा सरकारी तिजोरीत जमा होतो. खर्चाला पैसा अर्थसंकल्पातून, ठरलेल्या शीर्षाखाली येतो. गळक्या छताचा आणि तिकीटखिडकीचा थेट संबंध नाही. त्यात मोठा वाटा पगाराचा, आणि उरलेले अनुदान पुष्कळदा मार्च तोंडावर आला की हातात पडते. तेव्हा काय होते? जे लवकर होते आणि दिसते, ते होते. रंग लागतो, पाटी बदलते. नोंदवहीचे काम संथ, न दिसणारे. ते पुढच्या वर्षावर जाते.

यातून वाट काढता येते. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली सुरू झाले. ते महापालिकेचे, पुढे त्याची रया गेली. 2003 मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, आणि जीर्णोद्धार होऊन 2008 मध्ये ते पुन्हा उघडले. मालकी सार्वजनिकच राहिली. पैसा आणि जाणकारी बाहेरून आली. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा निधी वारशाच्या जतनाला देता येतो. पण देणारा पहिले काय विचारतो? "तुमच्याकडे आहे काय? यादी दाखवा."

आता माणसे. धाराशिव जिल्ह्यातले तेर घ्या. हे प्राचीन तगर, 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नाव आलेले व्यापारी नगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, खापरे आयुष्यभर जमवली. त्या संग्रहातूनच त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. तिथली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या प्रतिमेशी जुळते, म्हणून अभ्यासक तिचा उल्लेख करतात. पण ही तुलना करता येते ती 'तेरला सापडली' एवढे ठाऊक आहे म्हणूनच! नाहीतर ती एक सुंदर बाहुली. एका माणसाच्या वेडाने संग्रह जमतो. टिकायला मात्र तो एका माणसाच्या डोक्याबाहेर यावा लागतो. अभिरक्षकाची बदली होते, पद रिकामे राहते, कंत्राटी मुलगा वर्षभरात जातो. हे टळत नाही. मग चार्ज देता-घेताना किल्ल्यांचा जुडगा आणि टेबलखुर्च्या मोजतो, तशा वस्तूही नोंदवहीशी ताडून पाहायला नकोत का? आणि जुन्या पहारेकऱ्याला निवृत्तीचा नारळ देण्याआधी दोन दिवस बसवून, त्याला जे ठाऊक आहे ते लिहून घ्यायला काय हरकत आहे?

राहिला धोका. कॅनडाच्या जतनसंस्थेने वस्तूंच्या ऱ्हासाची दहा कारणे मांडली आहेत: धक्का, चोरी, आग, पाणी, कीड, प्रदूषण, प्रकाश, चुकीचे तापमान, चुकीची आर्द्रता. दहावे कारण म्हणजे वस्तूची तिच्या माहितीपासून ताटातूट. धोका मोजायचा तीन प्रश्नांनी: किती वेळा घडेल, एकेका वस्तूचे किती बिघडेल, किती वस्तूंचे बिघडेल? 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही. म्हणून जड मूर्ती डगमगत्या चौथऱ्यावर नको. पण भूकंप क्वचित येतो. गळती दर पावसाळ्यात, वाळवी बारमाही. आपली भीती मोठ्या धोक्याकडे पाहते, नुकसान रोजचे छोटे धोके करतात.

मोठा धोका आलाच तर? 2 सप्टेंबर 2018 रोजी ब्राझीलमध्ये रिओचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह होता. त्यातला बहुतेक गेला. त्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केले की तुम्ही काढलेले फोटो पाठवा. वस्तू गेल्यावर तिची आठवण गोळा करायची वेळ आली.

म्हणून सांगतो, पैसा नाही म्हणून थांबू नका. प्रत्येक वस्तूला क्रमांक, फोटो, माप, कुठून आली, कोणी दिली. एवढे तरी लिहा. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. आमच्या नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत इतिहासाची मुले आहेत. अभिरक्षकाच्या देखरेखीखाली एका सुटीत ती शेकडो वस्तू नोंदवतील. गावकऱ्यांनीही वर्षातून एकदा जाऊन विचारावे, "आमच्या बारवेतली मूर्ती कुठंय?" विचारणारा आहे म्हटल्यावर नोंद ठेवणाराही जागा राहतो.

संग्रहालयातली वस्तू खात्याची नसते, आपल्या पिढीचीही नसते. आपण तिचे राखणदार. आणि राखणदाराला आधी माहीत हवे, राखायचे काय ते.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.